वायरमावशी आणि पंचेचाळीसचा पाय

गेल्या बुधवारी दुपारी वायरमावशींनी भर गल्लीत आपल्या विहिणीचे पाय धरले, ही बातमी साडेतीनला निघाली आणि चारच्या आत तीन गल्ल्या ओलांडून गेली. ती फोडली समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने. तिला सगळे दुर्बीण म्हणतात. तिच्या खिडकीतली कुंडी वाळून कोळसा झाली तरी तिला पत्ता नसतो, कारण ती कायम कुंडीच्या पलीकडे बघत असते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: विहीणबाई गाडीत ताठ बसलेल्या, गाडीचं दार सताड उघडं, आणि मावशी खाली गुडघे टेकून, डोकं थेट विहिणीच्या पावलांपाशी. तेही चांगला पाऊण तास. दुर्बिणीने लगेच ताडलं की लेकीचा संसार मोडतोय. बातमी पहिल्या मजल्यावर उतरली तेव्हा तिच्यात हुंदके आले होते, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत पोचली तेव्हा वकीलही आला होता.

आता खरं काय ते ऐका. कुणी कुणाचे पाय धरले नव्हते. पायाच्या चार बोटं वर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल असतं, आणि पेडलच्या डोक्यावर काडेपेटीएवढी एक डबी असते. मावशी त्या डबीची नाडी बघत होत्या. आणि पणाला लागला होता तो लेकीचा संसार नव्हे. पणाला लागली होती विहीणबाईंच्या गाडीची किल्ली.

वायरमावशींचं दुकान म्हणजे दोन शटरांपैकी डावं. उजव्या शटरात त्यांचे यजमान, शिंपीकाका, मशीन चालवतात. एकाच घरात एकाकडे दोरा आणि एकीकडे तार, म्हणून दोघांचं जमतं असं लोक म्हणतात. मावशी तीस वर्षं गाड्यांच्या विजेचं काम करताहेत. वडलांचं बॅटरीचं दुकान होतं, तिथे आठव्या वर्षी त्यांनी पहिला झटका खाल्ला, आणि रडायचं सोडून "हा आला कुठून?" असं विचारलं. तेव्हापासून त्या हेच विचारताहेत. दुकानात भिंतीला वायरींची भेंडोळी रंगाप्रमाणे टांगलेली, बरण्यांत फ्यूज, टेबलावर शिंपीकाकांकडून ढापलेल्या टाचण्यांची गादी, आणि मधोमध काट्याचा जुना मीटर. हल्ली मीटर आकडे दाखवतात. मावशींकडे तोही आहे, शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनरही आहे. पण काट्याच्या मीटरला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. लेकीच्या लग्नातही तो पिशवीत घेऊन गेल्या होत्या. मांडवातले दिवे गेले तेव्हा तो का आणला ते सगळ्यांना कळलं.

त्यांचा नियम एकच: दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय निकाल नाही. गिऱ्हाईक "मावशी, सेन्सरच गेला असेल ना" म्हणालं, की त्या म्हणतात, "गेला असेल तर सापडेल. न बघता पार्ट बदलणं म्हणजे ताप आला म्हणून डोकं बदलणं."

तोच नियम त्यांनी बुधवारी सकाळी नऊ वाजता स्वतः मोडला. तेही जावयासाठी.

विहीणबाई म्हणजे जावयाच्या आई. अख्ख्या गावाला भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून त्यांना सगळे अजून भूमितीच्या बाईच म्हणतात. वय अडुसष्ट, चाल सरळ रेषेत, बोलणं काटकोनात. गुडघे मात्र जमिनीवर कुरकुरतात. पाण्यात ते वीस वर्षांचे होतात. म्हणून बाई नऊ वर्षं रोज सकाळी सात वाजता टेकडीवरच्या पोहण्याच्या तलावावर जातात, स्वतः गाडी चालवत. रस्ता चार किलोमीटरचा, सरळ, हलक्या चढाचा. वेग पंचेचाळीस. मागून कुणी भोंगा वाजवला तरी पंचेचाळीस आणि पुढे रस्ता मोकळा असला तरी पंचेचाळीस.

गेले दोन महिने त्या चढावर गाडी अधूनमधून मान टाकू लागली होती. धावता धावता जोर जायचा, समोर पिवळा दिवा लागायचा, आणि कितीही पेडल दाबलं तरी गाडी बैलगाडीच्या चालीने सरकायची. बंद करून पुन्हा चालू केली की जसं काही घडलंच नाही. मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, मग इंधनाचा पंप बदलला. गाडीने दोन्हींचा स्वीकार केला आणि पुन्हा चढावर मान टाकली.

जावई ऑफिसात तक्ते बनवतात. स्वभावाने सोन्यासारखे, पण कुठल्याही गोष्टीचा तक्ता बनला की ती खरीच, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी गाडी स्वतः पाच वेळा टेकडीवर नेली, सत्तरच्या वेगाने. पाचही वेळा ती सुतासारखी सरळ चालली. आई गेली की बंद पडते, मी गेलो की पडत नाही. दोन रकाने, उत्तर समोर: आई ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबते. वय झालं.

"एकदा तुम्ही बघून सांगा, मावशी," ते बुधवारी सकाळी म्हणाले. लग्नाआधीपासून ते सासूला गल्लीसारखं मावशीच म्हणतात. "गाडीत काही नाही असं तुम्ही म्हणालात, की आई ऐकेल. माझं नाही ऐकत."

मावशींनी स्कॅनर जोडला. कॉम्प्युटरच्या आठवणीत एक तक्रार होती: पेडलच्या सेन्सरची दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत. पेडलवरच्या त्या डबीत दोन साक्षीदार असतात म्हणा ना. पाय किती दाबला हे दोघे वेगवेगळं सांगतात. एक आकडा सांगतो, दुसरा बरोबर त्याच्या निम्मा. दोघांचं जुळलं की कॉम्प्युटर गाडीला तेवढा जोर देतो. एकाची जरा जीभ अडखळली, की कॉम्प्युटर दोघांवरही विश्वास ठेवायचं सोडतो आणि गाडीला रांगायला लावतो.

मावशींनी तक्रार पुसली, पेडल आपल्या जाड बुटाने तळापर्यंत तीनदा दाबलं. दोन्ही साक्षीदार शहाण्यासारखे बोलले. डबीला येणारी वीज तपासली, डबीत खोचलेल्या कपलरच्या वायरी हलवून पाहिल्या, गल्लीत एक फेरी मारली. सगळं ठीक. जावई घड्याळ बघत होते. मावशींच्या मनात होतं की थांबा, पण समोर जावई, त्यांना उशीर झालेला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दिसतंय तर ठीक."

जावयांनी जागच्या जागी आईला फोन लावला. "आई, मावशीही म्हणाल्या, दोष गाडीत नाही." उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला. मग ते किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "ही तुमच्याकडेच राहू द्या. पाचला येऊन गाडी नेतो. ऑफिसातल्या एकाला हवीच आहे. आईला दर रविवारी मी नेईन तलावावर."

ते गेले. किल्ली टेबलावर, टाचण्यांच्या गादीशेजारी. मावशींनी एका टेंपोचा दिवा दुरुस्त केला, एका ट्रॅक्टरचा भोंगा. दर वेळी हात पुसायला टेबलाकडे वळल्या की ती किल्ली त्यांच्याकडे बघायची.

दुपारी जेवताना शिंपीकाकांनी विचारलं, "घास हातातच धरून बसलीस. झालं काय?"

मावशींनी सांगितलं.

"म्हणजे तू न बघता बोललीस?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला हो म्हणायच्या आधी तू तीनदा बघायला आली होतीस. तिसऱ्यांदा तर माझं मशीन उघडून बघितलंस."

"त्याचा पट्टा सैल होता."

"तेच सांगतो मी. माझ्या पट्ट्याची एवढी चौकशी, आणि विहिणीला एका वाक्यात उडवलीस."

मावशींनी ताट बाजूला सारलं आणि हात धुवून थेट गाडीपाशी गेल्या. पेडलकडे बघत उभ्या राहिल्या. पेडलकडे बघता बघता नजर खालच्या रबरी चटईवर गेली. चटई नऊ वर्षांची, पण नव्यासारखी. बाईंनी रोज झाडलेली. फक्त एका जागी टाचेएवढा गोल खळगा पडलेला. एकच. इकडे नाही, तिकडे नाही. मावशींच्या स्वतःच्या गाडीतली चटई म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण आहे. इथे नऊ वर्षं टाच जिथे टेकली तिथेच टेकली होती.

टाच तिथेच, तर पंजाही तिथेच. पंजा तिथेच, तर पेडलही तिथेच. आणि डबीच्या आत साक्षीदाराची जी पातळ पट्टी असते, तिच्यावरून फिरणारी तार रोज चार किलोमीटर कुठे उभी असणार?

मावशींनी किल्ली उचलली आणि विहिणीला फोन लावला. "विहीणबाई, या ना जरा दुकानात."

"कशाला?" बाईंचा आवाज खडूसारखा कोरडा. "निकाल लावलात ना सकाळी. आता पेपर पुन्हा तपासायला घेताय?"

"घेते. तपासणारीने उत्तर न वाचताच शून्य दिलं होतं."

 मग बाई म्हणाल्या, "चालत येईन. वीस मिनिटं लागतील. गाडी नाहीये माझ्याकडे."

बाई बरोबर वीस मिनिटांनी आल्या. मावशींनी त्यांना दुकानातल्या खुर्चीवर बसवलंच नाही, थेट गाडीत बसवलं. मग स्वतः गोणपाटाची घडी खाली टाकून गुडघ्यांवर बसल्या, डोकं डॅशबोर्डखाली घातलं, कपलर न काढता त्याच्या वायरींच्या पाठीमागून दोन टाचण्या खुपसल्या आणि त्यांना काट्याचा मीटर जोडला. आकड्यांच्या मीटरला क्षणभराची अडखळण दिसत नाही. तो सरासरी सांगून मोकळा होतो, जावयांसारखा. काटा मात्र लपवत नाही.

"आता मी काय करायचं?" वरून बाईंनी विचारलं.

"रोज सकाळी करता तेच. चालवा."

"इंजिन बंद आहे, विहीणबाई. नुसती किल्ली फिरवली आहे तुम्ही."

"ते पायाला सांगू नका," मावशी खालून म्हणाल्या.

बाईंनी चपला नीट केल्या. टाच खळग्यात टेकली. त्यांनी आरसा बघितला, पट्टा लावला, आणि उभ्या गाडीत उजवीकडे वळण्याचा दिवासुद्धा दिला. इथेच दुर्बीण खिडकीत आली.

"गल्लीतून बाहेर," बाई म्हणाल्या. "दवाखाना. पेट्रोल पंप. आता चढ लागला." काटा सावकाश वर चढत होता, लोण्यातून सुरी जावी तसा. "शाळेची भिंत. पंचेचाळीस झाले. आता हलवत नाही."

काटा उभा राहिला. मावशी पापणी न हलवता बघत होत्या. एक मिनिट काही नाही, दोन मिनिटं काही नाही. मानेला रग लागली.

"पाण्याची टाकी गेली," बाई म्हणाल्या. "इथे मी नेहमी पाय जरासा, केसभर, सैल सोडते. इथेच ती मेली बंद पडते."

काट्याने डोळा मारला. आकड्यावरून तो टपकन शून्याकडे पडला आणि परत जागेवर आला. मावशी म्हणाल्या, "तसंच धरा. केसभर पुढे. केसभर मागे."

काटा पुन्हा पडला. पुन्हा उठला. बाईंच्या समोर पिवळा दिवा लागला.

"लागला," बाई म्हणाल्या. "विहीणबाई, दिवा लागला. मी ब्रेकला हातही... पायही लावलेला नाही."

"तुमचा पाय माझ्या नाकासमोर आहे. मी साक्ष देते."

मावशींनी तरीही घाई केली नाही. सकाळचा चटका होता. किल्ली बंद करून चालू केली, दिवा विझवला, पुन्हा पुन्हा तोच प्रवास. मग दुसऱ्या साक्षीदाराला टाचणी लावून पुन्हा. पहिला साक्षीदार दर वेळी त्याच जागी अडखळला, दुसरा एकदाही नाही. असा पाऊण तास झाला, आणि तेवढ्यात गल्लीने घटस्फोट उरकून घेतला.

मावशी बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि विहिणीसमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी. जावयासमोर जीभ घसरली. तुम्ही नऊ वर्षं एकाच जागी इतका स्थिर पाय ठेवलात, की आतली पट्टी बरोबर तिथेच झिजली. दुसरा कुणी चालवतो तेव्हा पाय त्या जागेवरून उडी मारून जातो, म्हणून कुणालाच सापडली नाही. चोर सोडून आम्ही संन्याशाला सुळी देत होतो."

बाईंनी पट्टा काढला.  मग म्हणाल्या, "चूक कबूल केलीत, अर्धे गुण देते. उरलेले पाच वाजता, त्याच्यासमोर."

शिंपीकाका स्कूटरवरून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि नवीन पेडल घेऊन आले. डबी पेडलसकट येते, सुटी मिळत नाही. मावशींनी ते बसवलं नाही, पुड्यातच ठेवलं. पाचला जावई आले, तेव्हा आई गाडीत, सासू गोणपाटावर आणि सासरे खुर्चीवर मीटर बघायला पुढच्या रांगेत, असा थाट होता.

"हे काय चाललंय?" जावई म्हणाले.

"परीक्षा," त्यांच्या आई म्हणाल्या. "बस आत. माझ्या जागेवर."

जावयांनी पेडल दाबलं. काटा खाली-वर नाचला, पण पडला नाही. "बघा, काही नाही," ते म्हणाले.

"उतरा," मावशी म्हणाल्या. "आता विहीणबाई."

बाई बसल्या. दवाखाना, पेट्रोल पंप, चढ, टाकी. काट्याने डोळा मारला, पिवळा दिवा लागला. जावयांनी वाकून आईच्या पायाकडे बघितलं, ब्रेककडे बघितलं, दोन्हींच्या मध्ये केवढी जागा आहे ते बघितलं. मग पुन्हा मीटरकडे.

"योगायोगही असू शकतो," ते हळूच म्हणाले. तक्ता इतक्या सहज मरत नाही.

मावशींनी शिंपीकाकांच्या खिशातला खडू घेतला, बाईंचा पाय होता तिथे पेडलच्या बाजूला एक रेघ मारली आणि जावयांना परत बसवलं. "या रेघेवर धरा. दमानं."

जावयांचा पाय रेघेच्या पुढे गेला. मग मागे आला. मग थरथरला. ते घामाघूम झाले.

"टाच टेक," आई म्हणाल्या. "श्वास घे. घाईने वर्तुळ काढलं की बटाटा होतो, हे तुला सहावीत सांगितलं होतं."

चौथ्या खेपेला पाय रेघेवर क्षणभर टिकला. काटा पडला. त्यांच्या स्वतःच्या पायाखाली, त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर, पिवळा दिवा लागला. त्यांनी पाय मागे घेतला. मग उतरले, टेबलाशी गेले, किल्ली... किल्ली तर गाडीतच होती. ती काढून त्यांनी आईच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आई, मी तुझा पाय न बघताच तक्ता केला."

"खोड तो," बाई म्हणाल्या. "आणि त्या ऑफिसातल्या माणसाला कळव, गाडी नाही मिळणार."

पेडल बदलणं म्हणजे दोन बोल्ट आणि एक कपलर. दहा मिनिटांत झालं. मावशींनी नव्या डबीलाही टाचण्या लावून काटा वरपासून खालपर्यंत फिरवला, घाईने नाही, केसाकेसाने. एकदाही पडला नाही. मग बाई म्हणाल्या, "चला." कुठे ते कुणी विचारलं नाही.

बाई चालवायला, मावशी शेजारी मांडीवर मीटर घेऊन, मागे जावई आणि शिंपीकाका गुडघे छातीला लावून. गल्लीतून निघाले तेव्हा दुर्बीण खिडकीत अर्धी बाहेर आली होती. विहीण विहिणीला कोर्टात घेऊन चालली असावी असा तिचा अंदाज. बाईंनी तिला हात केला. दवाखाना गेला, पेट्रोल पंप गेला, चढ लागला. पंचेचाळीस. शाळेची भिंत. ऊन तिरपं होऊन काचेवर आलं होतं. पाण्याची टाकी जवळ आली तसे मागे जावयांनी नकळत सीटची कड धरली. टाकी गेली. गाडी जशी होती तशीच चढत राहिली, एका लयीत, वरपर्यंत. वरून तलावाचं पाणी दिसलं तेव्हा बाई शीळ घालायला लागल्या. चाळीस वर्षं वर्गात शिट्टी वाजवणाऱ्यांना बाहेर उभं करणारी बाई शीळ घालते हे पाहून त्यांचा मुलगा सर्दच झाला.

पण जावई ते जावईच. उतरताना त्यांना सुचलंच. मागून मान पुढे काढून ते म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली, मान्य. पण पट्टी झिजली ती आईने एकाच जागी पाय धरला म्हणूनच ना? म्हणजे थोडा दोष तिच्या चालवण्यातही आहेच."

मावशींनी मीटर पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि मागे वळल्या.

"आहे ना. तुमच्या पायाखाली हा सेन्सर शंभर वर्षं टिकला असता, जावईबापू. गाडी टिकली नसती."